क्लच नाही, मग जळलं काय?

परवा लंचला टीममधल्या नव्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "बघ, शनिवारी ही घ्यायला चाललोय." जुनी व्ही८ गाडी, लाल रंग, ऑटोमॅटिक. जाहिरातीत विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने लिहिलेलं, 'हाय स्टॉल कन्व्हर्टर बसवलेला आहे'. मी हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "आणि कूलर?"

"एसी आहे ना," तो म्हणाला.

अर्ध्या तासात जमलं तेवढं त्याला सांगितलं. उरलेलं इथे लिहून काढतोय, कारण हाच उद्योग मी करून बसलोय आणि त्याची किंमत नुसती डॉलरमध्ये मोजता येत नाही.

माझी गाडी २००२ ची शेवरले कॅमॅरो झेड२८. कॅनडात क्वेबेकमधल्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा मी साताऱ्यात पहिलीत होतो, म्हणजे जवळजवळ माझ्याच पिढीची. ५.७ लिटरचं इंजिन, ३१० हॉर्सपॉवर, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सॅन डिएगोला नोकरी लागल्यावर वर्षभर पैसे साठवून घेतली. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी आयटीतली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांची हीच कथा आहे. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोकायचं आणि कॅम्पसला पहिली जी कंपनी येईल तिच्याकडे जाऊन जावा शिकायचं. त्यामुळे ही गाडी म्हणजे माझ्या डिग्रीचं प्रायश्चित्त वगैरे असं मी मित्रांना सांगायचो. खरं कारण एवढंच की ती दिसायला भारी होती.

विकणारा माणूस तिला ड्रॅग रेसला न्यायचा. त्याने सांगितलं, "स्टॉल कन्व्हर्टर टाकलाय, सिग्नलवरून अशी सुटते!" मी मान डोलावली. मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे "म्हणजे काय?" असं विचारण्याची सोय नव्हती.

तर जुलै २०२३. मी आणि दोन रूममेट वेगासला निघालो. सॅन डिएगोहून आय-१५ पकडायचा तो थेट वेगासपर्यंत. वाटेत मोहावीच्या वाळवंटात बेकर नावाचं चिमूटभर गाव लागतं. तिथे जगातला सगळ्यात उंच थर्मामीटर उभा आहे. १३४ फूट! जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ डिग्री फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं होतं, त्याची आठवण म्हणून तेवढ्याच फुटांचा खांब. त्या दिवशी त्यावर १११ दिसत होतं, म्हणजे आपले ४४. आमचा नागपूरकर रूममेट म्हणाला, "हे काय ऊन आहे का?" खांबासमोर फोटो काढले, कोल्ड्रिंक घेतलं, निघालो.

बेकर सोडलं की चढ सुरू होतो. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत, समोर सरळसोट रस्ता दिसतो आणि तो सपाट आहे असंच वाटतं. पण २५-२७ किलोमीटरमध्ये साधारण साडेनऊशे मीटर चढतो तो. आम्ही तिघं, सामान, एसी फुल, स्पीड ७५ मैल. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्याच्या जरासा वर. मी अगदी निर्धास्त होतो. हॅलोरन समिट आला, थोडा उतार लागला, पुढे माउंटन पासचा दुसरा चढ. तिथे एकदम इंजिन किंचाळलं. आरपीएम पाच हजारावर आणि गाडीचा स्पीड मात्र कमी कमी होतोय. जणू कोणीतरी इंजिन आणि चाकं यांच्यातली गाठच सोडली होती. कडेला घेतली आणि घाबरून पहिलं काम काय केलं तर इंजिन बंद केलं. तेही चुकीचंच होतं म्हणा, त्याबद्दल पुढे.

टो ट्रकची वाट बघताना बाबांना फोन लावला. साताऱ्यात पहाट होती, पण बाबांना पहाटे उठायची सवय. छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते.

"वास कसला येतोय?"

"करपलेल्या पोळीसारखा."

"मग क्लच प्लेट गेली."

"बाबा, हिला क्लच नाहीये. ऑटोमॅटिक आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "क्लच नाही, मग जळलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ई.च्या ओरलला मी टॉर्क कन्व्हर्टरची आकृती काढून दाखवली होती हो! पंप, टर्बाइन, स्टेटर, बाणबिण सगळं. पण बाबांचा प्रश्न त्या आकृतीत कुठेच नव्हता.

आठवड्याने गिअरबॉक्स उघडला गेला तेव्हा उत्तर टेबलावर मांडलेलंच होतं. क्लच नाही हे मुळात खोटं. क्लचचं पेडल नसतं एवढंच. आत क्लच प्लेट्सच्या चांगल्या पाच थप्प्या असतात. बाबा फोनवर, गाडी न बघता, ऑटोमॅटिक आयुष्यात कधी न उघडता बरोबर होते. माझ्या गाडीत तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या प्लेट्स काळ्याठिक्कर झाल्या होत्या, नखाने खरवडलं तर थर निघत होता. पण त्या शेवटी जळल्या. त्यांच्या आधी जळलं ते तेल.

इथे जरा थांबून टॉर्क कन्व्हर्टरबद्दल. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स क्लच प्लेटने एकमेकांना घट्ट चिकटतात. ऑटोमॅटिकमध्ये त्यांच्यामध्ये असतो तेलाने भरलेला एक डबा. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा बंद. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. वाऱ्याऐवजी तेल आणि उघड्याऐवजी बंद डबा, की झाला फ्लुइड कपलिंग. मधे तेलाचा प्रवाह वळवून परत पाठवणारा स्टेटर बसवला की सुरुवातीला टॉर्क वाढतोही. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही गाड्यांसाठी नव्हे तर जहाजांसाठी, कारण स्टीम टर्बाइन भन्नाट फिरते आणि पंखा मात्र सावकाश फिरवायचा असतो.

आता गंमत बघा. दुसरा पंखा पहिल्याच्या बरोबरीने कधीच फिरत नाही, थोडा मागे राहतो. त्या मागे राहण्याला म्हणतात स्लिप. त्यात जी शक्ती वाया जाते ती कुठे जाते? तेलाच्या थरावर तेलाचा थर घासून गरम होतो. सिग्नलला ब्रेक दाबून तुम्ही आरामात उभे असता आणि इंजिन बंद पडत नाही, ही जी चैन आहे ना, तिचं बिल तेल भरत असतं.

'हाय स्टॉल' म्हणजे मुद्दाम जास्त घसरणारा डबा. कंपनीचा कन्व्हर्टर दोन हजार आरपीएमच्या आतच पकड घेतो, माझ्यावाला साडेतीन हजारला घ्यायचा. रेसमध्ये ते उपयोगी, कारण इंजिन जोरात फिरायला लागल्यावरच त्याची खरी ताकद मिळते. पाव मैल, बारा-तेरा सेकंद, संपलं. मग गाडी बाजूला उभी राहून गार होते. मी तीच गाडी वाळवंटातल्या चढावर एसी लावून पंधरा मिनिटं सलग दामटली. महामार्गावर कन्व्हर्टरमधला छोटा क्लच लागून दोन्ही पंखे एकत्र बांधले जातात, त्याला लॉकअप म्हणतात. लॉकअप असेल तर स्लिप नाही, उष्णताही नाही. पण चढावर जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की लॉकअप सुटतो. म्हणजे नेमका गरज असते तेव्हाच.

नंतर एका रात्री कागदावर हिशोब मांडला. गाडी माणसांसकट १७०० किलो, चढ साडेतीन टक्के, स्पीड ७० मैल धरला तरी चढाचे १८ किलोवॅट, वाऱ्याचे आणि टायरचे अजून वीसेक, मधले तोटे धरून कन्व्हर्टरमध्ये ४५ शिरले असं म्हणू. त्यातले १५ टक्के स्लिपमध्ये गेले तर साडेसहा-सात किलोवॅट नुसती उष्णता. घरातला बाथरूमचा गीझर दोन-तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे दहा लिटर तेलात दोन-तीन गीझर बुडवून चालू केल्यासारखं! ही उष्णता कोणी बाहेर काढलीच नाही तर तेल दर अडीच सेकंदाला एक डिग्री तापेल. आणि ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देत बसलात, टायर जाळायची हौस वगैरे, तर चाक फिरत नसल्यामुळे इंजिनची सगळीच्या सगळी शक्ती तेलात जाते. ६० किलोवॅट धरा. दहा सेकंदात ३५ डिग्री. हा आकडा आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात हेही करून झालं होतं.

कंपनी तेल गार करायची सोय देते, नाही असं नाही. तेलाची नळी रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतून फिरवून आणतात. गावात, थंडीत ते उत्तम. सकाळी तेल लवकर गरमही होतं, तेही हवंच असतं. पण ते पाणी स्वतः इंजिनची उष्णता घेऊन आलेलं असतं. चढावर इंजिनच तापलेलं असताना तेलाला त्या पाण्यात बुडवणं म्हणजे तापकऱ्याच्या कपाळावर गरम पाण्याची पट्टी. तेल त्या पाण्यापेक्षा गार कधीच होणार नाही.

इथल्या गॅरेजवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. तेल १७५ फॅरनहाइटला, म्हणजे ८० सेल्सियसच्या आसपास राहिलं तर एक लाख मैल जातं. पुढे दर २० फॅरनहाइटला आयुष्य निम्मं. १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस, २३५ ला साडेबारा. तेलातेलात फरक असतो, आता सिंथेटिक जास्त सोसतं, पण आकड्यांची चाल लक्षात घ्या. साध्या इंजिनिअरला ओळखीची आहे ती. तेल करपलं की पातळ पडतं, रबरी सील कडक होतात, प्रेशर घटतं, प्लेट घट्ट दाबली जात नाही, घसरते, अजून उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपणहून थांबत नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? गिअरबॉक्सच्या आत तापमानाचा सेन्सर कंपनीनेच बसवलेला आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला आकडा माहीत असतो. डॅशबोर्डवर पेट्रोल, ऑइल प्रेशर, इंजिनचं तापमान सगळ्याला काटे आहेत, याला नाही. जगातल्या सगळ्यात उंच थर्मामीटरसमोर मी दात काढून फोटो काढला आणि माझ्या पायाखालचा थर्मामीटर मला दिसत नव्हता. स्टिअरिंगच्या खाली जे सॉकेट असतं त्यात वीस डॉलरचा ब्लूटूथ ॲडाप्टर लावला, मोबाईलवर ॲप घेतलं, एक बाइट वाचायचा, त्यातून ४० वजा करायचे, की सेल्सियस हातात. चाळीस वजा! दिवसभर ऑफिसात मी यापेक्षा अवघड कोड लिहितो. फक्त ते कॅमॅरो जाळून झाल्यावर सुचलं.

गिअरबॉक्स पुन्हा बांधून घ्यायला ३४०० डॉलर लागले. आणि हे ३४०० डॉलर गाडीचे नव्हते. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना इकडे आणायचं ठरलं होतं, त्यांच्या तिकिटांचे आणि फिरण्याचे होते. मी घरी सांगितलं की ऑफिसमध्ये रिलीज आहे, रजा मिळत नाही, मे महिन्यात या. गिअरबॉक्सबद्दल म्हणालो, "थोडक्यात भागलं." आई म्हणाली, "काही हरकत नाही रे, मे तर मे." मग मे महिन्यात ताईचं बाळंतपण आलं आणि आई येऊ शकलीच नाही. तिने इकडे आणायच्या चटण्या आणि भाजणी सप्टेंबरसाठी म्हणून करून ठेवली होती, ती तिकडेच संपली.

असो.

कूलर मी स्वतःच बसवला. विटेएवढा, ॲल्युमिनियमचा, थप्पीसारख्या पातळ प्लेट्सचा. नुसत्या वळवलेल्या नळीचे कूलर स्वस्त मिळतात, पण तेवढ्याच जागेत प्लेटवाला जास्त उष्णता काढतो. जागा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, जिथे पहिला वारा लागतो. सोबत प्लास्टिकच्या काड्या देतात, रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून कूलर टांगायला. त्या वापरू नका. हादऱ्याने घासून घासून भोक पडतं. मी पट्ट्या कापून बॉडीला बोल्ट केला. तेल आधी रेडिएटरमधून, मग कूलरमधून, मग परत गिअरबॉक्समध्ये, हा क्रम. म्हणजे मोठा भार पाणी उचलतं आणि शेवटचा हात वारा फिरवतो. पाइप तेलाचा आणि उष्णतेचा रेटिंग असलेलाच घ्यायचा. मी पहिल्या दिवशी क्लॅम्प ढिला ठेवला आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये लालभडक सडा. शेजारच्या आजीबाईंनी कोणाचा तरी खून झालाय असं समजून ऑफिसला फोन केला. दोन रविवार मी मांजराच्या मातीने फरशी पुसत होतो.

तो हाय स्टॉल कन्व्हर्टरही काढून कंपनीसारखाच बसवला. मित्र हळहळले. सिग्नलवरून आता ती तशी सुटत नाही, हे खरंय. पण कूलर लावून उष्णता बाहेर फेकणं आणि मुळात ती तयारच न करणं यात दुसरं स्वस्त पडतं, हे मला महागात कळलेलं आहे. ज्यांना खरोखर रेसला जायचंय त्यांनी ठेवावा, पण मग कूलर मोठा, त्याला पंखा, आणि डोळ्यासमोर आकडा.

अति गारही करू नये बरं का. डिसेंबरात बिग बेअरच्या डोंगरात बर्फ बघायला गेलो तर आकडा पन्नासच्या वर जाईना. तेल घट्ट, गिअर धक्के देत पडतात. मग थर्मोस्टॅटची बायपास झडप लावली, तेल गरम होईपर्यंत कूलरला वळसा घालणारी. अजून चाळीस डॉलर.

बाबा मेअखेर एकटेच आले. त्यांना वेगासचं काही नव्हतं, हूवर धरण बघायचं होतं. कोयनेच्या दुपटीहून उंच, २२१ मीटर, हे ते तिकडूनच वाचून आले होते. मी म्हटलं भाड्याची गाडी घेऊ. म्हणाले, "का? हिला झेपत नाही का?"

जूनचा शनिवार होता. बेकरचा थर्मामीटर १०८. मोबाईल डॅशबोर्डवर अडकवलेला, आकडा ८३. चढ सुरू व्हायच्या आधीच मी ओव्हरड्राइव्ह काढून तिसऱ्यात घातली. चौथ्यात तगमग करत लॉकअप सोडत-धरत जाण्यापेक्षा तिसऱ्यात लॉकअप धरून, इंजिन जरा जास्त फिरवत, ६० मैलाने. बाबांनी खिडकी उघडून एसी बंद केला. खंबाटकी चढताना ते कायम असंच करतात.

८६. ८९. बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते, नुसता आकडा. ९१. "आणि वाढलं तर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कडेला घ्यायची, न्यूट्रलला टाकायची आणि इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रलला टर्बाइन मोकळी फिरते, नवी उष्णता तयार होत नाही, आणि पंप चालू असल्यामुळे तेल कूलरमधून फिरत राहतं. थोडी रेस द्यायची, दोन-तीन मिनिटांत उतरतं. डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तर उलट तापतं. मी त्या दिवशी इंजिन बंद केलं म्हणजे पंपच बंद केला.

"तापलेली गाडी एकदम बंद करायची नाही, हे तुला सातवीत सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

९३. ९४. हॅलोरन समिटच्या अलीकडे आकडा ९४ वर बसला आणि हलेना. आम्ही दोघंही काही बोललो नाही. डावीकडे एक कॅम्पर व्हॅन बॉनेट उघडून उभी होती.

"गिअरबॉक्स पूर्ण बांधायला किती घेतले रे?" बाबांनी आकड्यावरची नजर न काढता विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी मनातल्या मनात रुपये केले असावेत. ओठ हलले. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा रजा होती."

"होती."

पुढचा मैलभर नुसता वारा. मग उतार लागला, आकडा ९१ झाला, ८८ झाला. बाबांनी खिडकी वर घेतली आणि एसी लावला. "आईला मी काही सांगत नाही," म्हणाले, "ते तू सांग. आणि पुढचा चढ कुठेय?"